कारवानी सुटलं की येत नाही: आधी पट्टा तपासा, मग कुत्र्याला बोल लावा

कारवानी म्हणजे नजरेवर शिकार करणारं, पळणारं देशी कुत्रं, त्यालाच मुधोळ हाउंडही म्हणतात. लक्षणं आधी सांगतो. यातली दोन-तीन तुमच्या कुत्र्याला लागू पडत असतील तर पुढं वाचा, नाहीतर तुमची अडचण वेगळी आहे.

• फाटक जरा उघडं दिसलं की कुत्रं सुसाट. हाक मारली तर कानसुद्धा हलत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं जीभ बाहेर काढून आपणहून परत येतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पाणी पितं.
• पट्टा होता, साखळी होती, खुंटी होती. सकाळी बघावं तर तिन्ही जागेवर आणि कुत्रं गायब.
• शेळी, कोंबडी, मांजर, मोटारसायकल, वाऱ्यावर उडणारी खताची पिशवी: जे हलेल त्याच्या मागं.
• बांधलं की रात्रभर कुईं कुईं, खड्डे उकरणं, चपला फाडणं, ठिबकच्या नळ्या चावणं.
• आणि एवढं सगळं करून घरात माणसांपाशी मात्र मऊ. अनोळखी माणसानं हात लावायला गेलं की अंग चोरून मागं सरकतं.

हे शेवटचं लक्षण लोक सांगतच नाहीत, पण मला तेच आधी ऐकायचं असतं. अंग चोरणारं, घरच्यांनाच धरून राहणारं कुत्रं म्हणजे कारवानीचा मूळ स्वभाव शाबूत आहे. बिघाड बाहेर कुठंतरी आहे.

मी जत तालुक्यात ठिबकचं सामान विकतो. डॉक्टर नाही, ट्रेनर नाही. घरात चौदा वर्षं कारवानी आहे, सध्या हरणी नावाची कुत्री आणि तिचा एक पोरगा. या कुत्र्यांचं कर्नाटकातलं मुधोळ आमच्याकडून अथणी-जमखंडी मार्गे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर, त्यामुळं मेंढरांच्या वाड्यावर आणि मळ्यातल्या वस्तीवर ही कुत्री पहिल्यापासून दिसतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर देशी कुत्र्यांचा विषय काढला, त्यात मुधोळ हाउंडचं नाव आलं आणि मग सांगली-साताऱ्यातल्या बंगल्यांच्या अंगणातही ही कुत्री दिसायला लागली. तेव्हापासून नळ्यांचं बिल करता करता गिऱ्हाईक हळूच म्हणतं, "अण्णा, तेवढं कुत्र्याचं काय करायचं सांगा की." दरवेळी तीच गोष्ट सांगतो, म्हणून एकदा लिहून काढतोय.

कारवानी वेगळं आणि मुधोळ वेगळं का, हा प्रश्न हमखास येतो. कुत्रं एकच. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर ते कारवान हाउंड, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर मुधोळ हाउंड. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, वाढवली म्हणून ते नाव पडलं. २००५ मध्ये तर टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं. कान-शेपटीवर लांब केस असतील तर आपल्याकडं पश्मी म्हणतात. नाव कुठलंही असू द्या, पळायची खोड तीच.

बिघाड नेमका कुठं आहे ते आधी समजून घ्या

ही वासावर शिकार करणारी जात नव्हे, नजरेवर करणारी. लांबट तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात बघणाऱ्या पेशी आडव्या पट्ट्यात दाट असतात, म्हणून क्षितिजावर काहीही हललं की ते आधी त्यांना दिसतं. माळावर पाव किलोमीटरवर ससा हलला तर तुम्हाला गवत हलल्यासारखं वाटेल, त्याला ससा दिसतो. आणि एकदा नजर बसली की अंग सुटलंच. भरधाव पळताना एका झेपेत दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात, एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा गोळा केलेलं असताना. त्या क्षणी तुम्ही मारलेली हाक त्याच्या लेखी नसतेच.

लोक म्हणतात, कुत्रं ऐकत नाही. अहो, ऐकण्याचा प्रश्नच नाही इथं. जे करायचं ते नजर बसायच्या आधी करायचं. खालच्या सगळ्या तपासण्या त्यासाठीच आहेत, आणि फुकटातल्या आधी ठेवल्यात.

१. पट्टा

दहातली पाच-सहा कुत्री मी इथंच दुरुस्त केलीत. कारवानीचं डोकं निमुळतं आणि मान जाड. बाजारातला साधा बकलचा पट्टा लॅब्रॅडॉरसारख्या रुंद डोक्याच्या कुत्र्याला ठीक. आपलं कुत्रं दोन पावलं मागं सरकतं, मान खाली घालतं आणि पट्टा कानावरून सर्र निघतो. बघायचं कसं? कुत्र्यासमोर उभं राहून पट्टा हलकेच आपल्याकडं ओढा. कानाच्या मुळाशी न अडता पुढं आला तर झालं निदान.

ओढल्यावर थोडा आवळणारा आणि सोडल्यावर सैल होणारा पट्टा घ्या, मार्टिंगेल म्हणतात त्याला. मिळत नसेल तर बॅगा शिवणाऱ्याकडं दोन इंची निवार पट्टी आणि तीन कड्या घेऊन जा, नमुना दाखवला की शिवून देतो. रुंद पट्टीच हवी. या कुत्र्यांची कातडी पातळ असते, अरुंद पट्ट्यानं आणि साखळीच्या कडीनं मान सोलवटून निघते. पूर्ण आवळलेला असताना पट्टा आणि मान यात दोन बोटं जावीत. पट्टीवर मोबाइल नंबर शिवून घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

माझा पहिला कुत्रा, राजा, असाच पट्ट्यातून निसटून माडग्याळ मेंढरांच्या कळपात शिरला होता. माडग्याळची मेंढरं आमच्याच तालुक्यातली, उंच, फुगीर नाकाची, त्यांच्या किमती ज्यांना माहीत आहेत त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. एका कोकराचा मागचा पाय फाटला. मेंढका म्हातारा होता, शिव्याही दिल्या नाहीत, नुसता म्हणाला, "दादा, कुत्रं चांगलंय, बांधणारा कच्चा हाय." भरपाई किती दिली ते घरात अजून खरं सांगितलेलं नाही.

२. कुठं बांधलंय आणि तिथून काय दिसतं

गुडघ्यावर बसा. कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर डोकं आणा आणि पाच मिनिटं तिथून बघा. लाज वाटत असेल तर पहाटे बसा. फाटकाच्या जाळीतून रस्ता, पलीकडं शेजाऱ्यांच्या कोंबड्या, बांधावरून जाणाऱ्या शेळ्या, असं दिसत असेल तर तुम्ही त्या जनावराला दिवसभर ताटासमोर बसवून हात बांधून ठेवलेत. संध्याकाळी ते वेडं होणारच.

उपाय स्वस्त आहे. फाटकाला आणि त्या बाजूच्या जाळीला तीन-साडेतीन फुटांपर्यंत हिरवं शेडनेट बांधा, नाहीतर कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावा. आमच्याकडं नुसतं शेडनेट लावून रात्रीचं कुईं कुईं बंद झालेली तीन घरं आहेत.

३. पळतं किती?

"रोज फिरवतो की" असं सगळे म्हणतात. फिरवणं म्हणजे काय? तर मालक फोनवर बोलत चालतोय, कुत्रं दोरीला लटकलेलं. कारवानीला दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं का होईना, ताणून पळायला मिळालं पाहिजे. त्यानंतर ते दिवसभर झोपतं. खरंच सांगतो, पोटभर पळालेल्या कारवानीइतकं आळशी जनावर दुसरं नाही. हरणी सकाळी पळून आली की दुपारपर्यंत पोत्यावर पडून असते, गिऱ्हाईक तिला ओलांडून आत येतं.

जागा चारी बाजूंनी बंद हवी: कुंपणाचा मळा, शाळेचं रिकामं मैदान (परवानगी काढून). आत विहीर असेल तर तिला कठडा आहे का ते आधी बघा. ऊस तुटल्यावर शेत मोकळं दिसतं म्हणून लोक तिथं सोडतात, पण राहिलेले खुंट पायात घुसतात. द्राक्षबागेत तर सोडूच नका. तारा आणि ताण त्याला पळताना दिसत नाहीत.

वेळ पहाटेची किंवा दिवस मावळल्यावरची. एप्रिल-मेमध्ये जत, आटपाडी, माण भागातल्या उन्हात पळवलेलं कुत्रं उष्माघातानं मेलेलं मी बघितलंय. अंगावर चरबी नाही, केस बारीक, म्हणून याला ऊन लागत नाही असा एक गैरसमज आहे. पळताना स्नायू तापतात, कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, बाहेरची हवाच तापलेली असली की धापेनं ती उष्णता निघत नाही. उलट डिसेंबरच्या थंडीत हेच कुत्रं कुडकुडतं, त्याला पोतं लागतं.

एक गोष्ट सरळ सांगतो. "सशामागं सोडतो, पळणंही होतं" म्हणणारे भेटतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, ससा, घोरपड, मोर सगळे त्यात येतात, आणि कुत्रं सोडून केलेली शिकारही शिकारच. शिवाय एकदा रक्ताची चव लागलेलं कुत्रं कळपाबाहेर राखणं दसपट अवघड. अशा मालकांना मी पट्टाही सुचवत नाही.

४. खाणं, जंत, गोचीड

भूक भागली नाही तर कुत्रं भटकणारच. नुसती दूध-भाकरी या अंगाला पुरत नाही. अंडं, उकडलेलं चिकन, डाळ-भात यांची जोड द्या. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या काड्या होऊन आतड्यात रुततात. बरगड्या दिसतात म्हणून घाबरू नका, मागच्या दोन-तीन दिसणं या जातीला शोभतं. कण्याची आणि कमरेच्या हाडांची टोकं वर आली असतील तर मात्र ते उपाशी आहे, नाहीतर पोटात जंत आहेत.

खाणं दोन वेळेला विभागून द्या आणि खाल्ल्यावर दोन तास तरी पळवू नका. छाती खोल असलेल्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडू शकतो. त्यावर गावठी उपाय नाही.

रात्री अस्वस्थ असेल तर बॅटरी घेऊन कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड बघा. गोठ्याशेजारी बांधलेलं असेल तर सापडणारच. गोठ्यात फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतू नका, आणि गाईला दिलं ते इंजेक्शन "थोडंसं" म्हणून कुत्र्याला देऊ नका. मात्रेत चूक झाली की जीव जातो. दवाखान्यातून वजनावर औषध घ्या. पूर्ण वाढलेला नर पंचवीस किलोच्या आसपास असतो, अंदाजानं सांगू नका, तोलून सांगा.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यातल्यांसाठी वेगळं लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे. मूत्रपिंड निकामी होतं. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे. किती खाल्ल्यावर बाधतं ते कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळं "चार मण्यांनी काय होतंय" हा हिशेब धरू नका. बेदाणा शेडजवळ कुत्रं बांधू नका, आणि सुटून पळालेलं कुत्रं शेडकडून आलं आणि उलट्या करायला लागलं तर सकाळची वाट बघू नका.

५. एकटेपण आणि साखळी

कारवानी माणूसवेडी जात. मळ्यात राखणीला म्हणून बांधायचं आणि दिवसातून एकदा भाकरी टाकायला जायचं, हे तिला मानवत नाही. ती उकरणार, रडणार, शेवटी सुटणार. राखण हवी असेल तर दुसरं कुत्रं बघा, हिचा स्वभाव परक्यापासून लांब राहण्याचा आहे, अंगावर धावून जाण्याचा नाही.

चोवीस तास साखळीला असलेलं कुत्रं सुटल्यावर परत का यावं? परत येणं म्हणजे साखळी, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून सुटून आल्यावर लगेच बांधू नका. पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा, दहा मिनिटांनी बांधा. आणि मारू तर अजिबात नका. पळाल्याबद्दल मार बसला असं तुम्हाला वाटतं, त्याला वाटतं आल्याबद्दल बसला. ही जात मनाला लावून घेते, एका मारानं महिनाभर हाताला लागत नाही.

कराड, पाटण, शिराळा भागात रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. आत घ्या.

६. शिट्टी आणि लांब दोरी

इथून पुढं मेहनत आहे. वरचं सगळं नीट केल्याशिवाय इथं येऊ नका, नाहीतर दोन महिने वाया जातील.

एक साधी शिट्टी घ्या. हाकेत राग ओळखू येतो, शिट्टीत येत नाही. पहिला आठवडा घरातच: शिट्टी वाजवायची, लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दिवसातून दहा-बारा वेळा. मग अंगणात. मग दहा मीटरची दोरी लावून बंद मळ्यात. दोरी छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. भरधाव कुत्र्याला गळ्यात हिसका बसला तर मानेला इजा होते. आणि दोरी हाताला गुंडाळू नका. माझी करंगळी अजून सरळ होत नाही.

शेवटचा टप्पा शेळ्यांचा. शेळी लांब, इतकी लांब की कुत्र्यानं नुसतं बघावं पण ताणू नये. त्यानं बघितलं की शिट्टी, तुमच्याकडं वळलं की अंडं. दर दोन दिवसांनी थोडं जवळ. ताणलं की पुन्हा मागं जा. मालक सगळे इथंच घाई करतात आणि मग माझ्याकडं येऊन म्हणतात, शिट्टी चालत नाही.

वाड्यावरची कारवानी मेंढरांना हात का लावत नाही, याचं उत्तरही इथंच आहे. ती तीन आठवड्यांची असल्यापासून कोकरांच्यात लोळलेली असते. पिल्लू घेणार असाल तर पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला शेळी, कोंबडी, मांजर, ट्रॅक्टर, लेझीम सगळं दाखवून घ्या. दोन वर्षांच्या कुत्र्याला हेच शिकवायला चौपट वेळ लागतो.

हरणी शिट्टीवर दहातल्या नऊ वेळा येते. दहावी वेळ विजापूर-गुहागर रस्त्याच्या कडेला आली तर? म्हणून मोकळ्या जागी ती दोरीलाच असते, आणि कायम राहील.

७. कुंपण

खर्चाचं काम, म्हणून उशिरा. सहा फूट उंच जाळी, खालची कड वीतभर जमिनीत गाडलेली. काटेरी तार नको, कातडी कापडासारखी फाटते. फाटकाखालची फट मोजा. डोकं गेलं की अंग जातं.

८. नर असेल तर

गावातली कुत्री माजावर आली की नर कुंपण खोदून जातो, त्याला नजरेचा संबंध नाही. अशा भटकण्याला नसबंदीनं बऱ्यापैकी आळा बसतो. शिकारीमागं पळणं त्यानं थांबत नाही, ती आशा ठेवू नका. ऑपरेशनआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे हाउंड आहे, अंगावर चरबी कमी आहे. या अंगाच्या कुत्र्यांना भुलीच्या काही औषधांतून, विशेषतः थायोपेंटोनसारख्या, जागं व्हायला फार वेळ लागतो. चांगला डॉक्टर या सांगण्याचा राग मानत नाही.

इथं थांबा आणि जाणत्याला बोलवा

पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, उलटीसाठी ओकतंय पण काही पडत नाही: त्याच क्षणी गाडी काढा. यात तासांचा हिशेब असतो.

पळून आल्यावर धाप थांबत नाही, लाळ चिकट, पाय लटपटतात, ताप १०४ फॅरनहाइटच्या वर: सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्याकडं निघा. बर्फात बुडवू नका.

हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, खाणं सोडलंय: गोचीडताप असू शकतो. रक्त तपासल्याशिवाय औषध नाही. आपल्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका.

बेदाणा, द्राक्ष, उंदराचं औषध, फवारणीचं पाणी पोटात गेलंय: डब्याचं लेबल किंवा फोटो बरोबर न्या.

तारेनं कातडी फाटली असेल तर हळद भरू नका, स्वच्छ ओल्या फडक्यानं झाका. टाके लवकर पडले तर भरून येतं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तरी पहिलं तिथंच जा. ऑपरेशन किंवा एक्स-रेची गरज सांगितली तर सातारकरांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

माणसाला चावलं तर कुत्र्याचा विषय बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या, कुत्र्याला टोचलेलं असलं तरी. कुत्र्याची स्वतःची रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दरवर्षी.

घरातल्या लहान मुलावर गुरगुरतंय, भांड्याजवळ कुणाला येऊ देत नाही, किंवा जनावर मारून खायला लागलंय: इथं माझी शिट्टी कामाची नाही. आधी डॉक्टरांकडून कुठं दुखतंय का ते बघून घ्या, मग न मारता शिकवणारा ट्रेनर गाठा. तोवर मुलगा आणि कुत्रं एका खोलीत एकटे नकोत.

पट्ट्याचा नमुना दुकानात टांगून ठेवलाय, फोटो काढून नेला तरी चालतं. कुत्रं दाखवायला आणणार असाल तर सकाळी दहाच्या आत या. दुपारी पत्र्याच्या टेम्पोत घालून आणू नका.